पेशव्यांचा शेवटचा वकील : अजीमुल्ला खान

वाचकहो, आपल्या मोहल्ल्यातील कोणी ना कोणी हजला जाऊन आलेले असेलच. त्यांना एकदा विचारून पाहा. गर्दीत चुकामूक झाली, पासपोर्ट हरवला, एखादी वृद्ध आई आजारी पडली, किंवा कोणाचा तिकडेच इंतेकाल झाला, तर आपल्या माणसांनी धाव कोठे घेतली? जेद्दा येथील भारतीय कौन्सलच्या कचेरीकडे. भारताचा राजदूत रियाध येथे असतो. तो आपल्या सरकारच्या वतीने तिकडच्या सरकारशी बोलतो. कौन्सलचे काम निराळे. परक्या मुलखात गेलेल्या आपल्या माणसाचे कागदपत्र, व्यापार, अडचणी, जन्म आणि मृत्यू यांची दाद घेणारा तो अधिकारी. राजदूतांसंबंधीचे नियम १९६१ साली आणि कौन्सलांसंबंधीचे १९६३ साली व्हिएन्ना येथे जगातील राष्ट्रांनी एकत्र बसून ठरविले. पण दूताला हात लावू नये, त्याने दिलेला शब्द हा त्याला पाठविणाऱ्याचा शब्द समजावा, हा रिवाज त्याहून कितीतरी जुना आहे.

ह्या कामाला आपल्या मराठीत एक चांगला शब्द होता. तो म्हणजे वकील. आज वकील म्हटले की काळा कोट आणि शिवाजीनगरचे कोर्ट डोळ्यांपुढे येते. परंतु पेशवाईत वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारात ठेवलेला माणूस. दूतावासाला वकिलात म्हणतात ते त्यावरूनच. पुण्याच्या दरबाराचे वकील दिल्लीस होते, हैदराबादेस होते. दिल्लीचे हिंगणे आणि हैदराबादचे गोविंदराव काळे यांची पत्रे आजही अभ्यासक वाचतात. तिकडे कोण आले, कोण गेले, कोणाच्या मनात काय आहे, हे सर्व नाना फडणविसांना पुण्यात बसून कळत असे ते ह्या वकिलांमुळे.

इंग्रजांचा वकील, म्हणजे रेसिडेंट, पुण्यात आला तो १७८६ साली. त्याचे नाव चार्ल्स मॅलेट. मुळा-मुठेच्या संगमावर त्याला जागा देण्यात आली. संगम पुलावरून आपण बसने किंवा सायकलने जातो, त्याच परिसरात ही रेसिडेन्सी होती. प्रारंभी हा रेसिडेंट पाहुणा होता. मग तो सल्लागार झाला. १८०२ च्या वसईच्या तहाने तो जवळजवळ पालक झाला. आणि जून १८१७ च्या पुणे तहात एक कलम आले, ज्याच्याकडे इतिहास शिकवताना आपले फारसे लक्ष जात नाही : पेशव्याने दुसऱ्या कोणत्याही दरबारात आपला वकील ठेवू नये, दुसऱ्याचा वकील आपल्याकडे ठेवून घेऊ नये, जे काय बोलावयाचे ते रेसिडेंटमार्फत बोलावे. माझ्या मते पेशवाई बुडाली ती ह्या कलमाने. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, रेसिडेन्सी जाळण्यात आली, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पण राज्याची जीभ त्यापूर्वीच कापली गेली होती.

अशा, जीभ कापलेल्या घराण्याच्या वतीने पुढे छत्तीस वर्षांनी जो माणूस थेट लंडनला बोलावयास गेला, त्या अजीमुल्ला खानाची ही हकीकत आहे. तो पुण्याचा नव्हता. त्याने पुणे पाहिल्याचे कोठे नमूद नाही. तरीही पुण्याच्या गादीसाठी इतक्या दूरवर जाऊन भांडलेला दुसरा माणूस मला दिसत नाही.

त्याच्या लहानपणाची माहिती आपल्याला मिळते ती मुख्यतः त्याच्या शत्रूंकडून. कानपूरच्या लष्करी पुरवठा खात्यात शेफर्ड नावाचा एक कारकून होता. १८५७ मध्ये त्याचे सारे कुटुंब मारले गेले, तो वाचला. त्याने पुढे जे लिहिले त्यात अजीमुल्लाविषयी द्वेष आहे, आणि तो असणे स्वाभाविक आहे. पण त्या द्वेषातूनही एक चित्र स्पष्ट दिसते. १८३७-३८ च्या मोठ्या दुष्काळात उपासमारीने खंगलेली एक आई आणि तिचा मुलगा कानपुरात मिशनच्या आश्रयाला आले. आईने आयाचे काम धरले. मुलाला कानपूरच्या फ्री स्कूलमध्ये घातले आणि निर्वाहासाठी दरमहा तीन रुपये मिळू लागले. मिशनच्या अन्नावर जगताना धर्म बदलण्याचा प्रश्न निघालाच. आई पक्की मुसलमान होती, ती तयार झाली नाही. शाळा मात्र तिने सोडविली नाही.

पालकहो, ह्या बाईकडे जरा थांबून पाहा. आपल्याकडे अजूनही असे घर सापडते की जेथे इंग्रजी शाळेत घातले तर मुलगा हातचा जाईल अशी धास्ती असते, आणि असेही सापडते की गॅरेजमध्ये चार पैसे मिळू लागले म्हणून नववीतून मुलाला काढले जाते. शिक्षक म्हणून ह्या दोन्ही घरांची पायरी मी अनेक वेळा चढलो आहे. त्या अडाणी आयेला दोन गोष्टी एकाच वेळी साधल्या : दीन सोडला नाही आणि इल्मही सोडले नाही. तेही अशा काळात, की मुलाने एखाद्या साहेबाच्या घरी नोकरी धरली असती तर घरात लगेच दोन पैसे आले असते.

पुढे अजीमुल्लाने साहेबांच्या घरी खिदमतगारीही केली असे सांगतात. इंग्रजी आणि फ्रेंच ह्या दोन्ही भाषा त्याने चांगल्या आत्मसात केल्या. ज्या शाळेत धर्मादाय विद्यार्थी म्हणून बसला त्याच शाळेत तो शिक्षक झाला. (आमच्या पेशातला एक माणूस इतिहासात इतका पुढे गेला, ह्याचा थोडा अभिमान मला वाटतो, तो वाचकांनी माफ करावा.) नंतर कानपूरच्या छावणीतील ब्रिगेडियर स्कॉटचा तो मुन्शी झाला. पुढच्या ब्रिगेडियरच्या वेळी लाच घेतल्याच्या आरोपावरून त्याला काढून टाकण्यात आले. आरोप खरा होता की खोटा हे ठरविण्यास आज साधन नाही. पण नोकरी गेली, आणि त्यामुळे तो बिठूरला पोचला.

बिठूर हे कानपूरजवळ गंगेच्या काठी आहे. १८१८ साली शरण आल्यावर दुसऱ्या बाजीरावास इंग्रजांनी तेथे ठेवले आणि वर्षाला आठ लाख रुपये तनखा ठरविला. बाजीरावास पुत्र नव्हता. कर्जतजवळच्या वेणगावच्या भटांच्या घरातील मुलगा त्यांनी १८२७ मध्ये दत्तक घेतला, तो म्हणजे धोंडोपंत ऊर्फ नानासाहेब. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारले आणि तनखा बंद झाला. बाजीरावांनी मागे ठेवलेली मालमत्ता घराण्याला पुरेशी आहे, असे लॉर्ड डलहौसीच्या सरकारने ठरविले. नानासाहेबांचे म्हणणे असे की तनखा एकट्या बाजीरावांसाठी नव्हता, करारात कुटुंबाच्या निर्वाहाचा उल्लेख आहे. आणि एखाद्याने काटकसरीने पैसे साठविले म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. डिसेंबर १८५२ मध्ये कंपनीच्या लंडनच्या संचालकांकडे त्यांनी अर्ज केला. तो नामंजूर झाला. तेव्हा कागदाऐवजी माणूस पाठवावा असे ठरले, आणि १८५३ मध्ये अजीमुल्ला निघाला.

त्या वेळी तो पंचविशीच्या आतबाहेरचा होता. दुष्काळात वाचलेले पोर आता पेशव्यांच्या वारसाचा वकील होऊन इंग्लंडच्या राजधानीत उतरले.

त्याच्या आधी एक मराठी वकील तेथे चौदा वर्षे झिजला होता. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना १८३९ साली पदच्युत केल्यावर रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू मांडण्यासाठी लंडनला गेले. सभा घेतल्या, पत्रके छापली, कर्ज काढून राहिले. १८४७ मध्ये महाराज काशीला वारले, १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. तरी रंगो बापूजी १८५३ अखेरपर्यंत तेथेच भांडत राहिले. त्यांची आणि अजीमुल्लाची लंडनमध्ये भेट झाली असे सावरकरांनी आपल्या १८५७ वरील ग्रंथात लिहिले, तेव्हापासून ती गोष्ट महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाली. एकाने लंडन सोडले आणि दुसरा तेथे पोचला, हे जवळजवळ एकाच सुमारास घडले, एवढे खरे. भेट झाली असो वा नसो, दोघांना मिळालेले उत्तर एकच होते.

हे उत्तर तसेच का मिळाले, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. राजदूताच्या मागे राज्य असते. त्याला नाही म्हटले तर त्याचे काही परिणाम होतील, ही शक्यता असते. अजीमुल्लाच्या मागे राज्य नव्हते. एक वाडा, एक तोफ नसलेला धनी आणि एक जुना करार होता. कंपनीच्या दप्तरात तो वकील नव्हता, अर्जदार होता. गंमत पाहा, लंडनच्या त्या इंडिया हाउसमध्ये हिंदी संस्थानिकांशी होणारा पत्रव्यवहार ज्या खात्यात चाले, ते त्या काळी सांभाळत होते जॉन स्टुअर्ट मिल. पुढे १८५९ मध्ये स्वातंत्र्यावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारे हेच ते मिल.

दरबारी काम फसले, पण लोकांत अजीमुल्ला चांगलाच रुळला. रुबाबदार होता, बोलण्यात तरबेज होता. लोक त्याला राजपुत्रच समजत. लेडी डफ गॉर्डन ह्या विदुषीच्या घरी त्याचे जाणे-येणे होते. मेजवान्या झाल्या, स्त्रियांशी पत्रव्यवहार झाला, पैसाही पुष्कळ खर्च झाला. त्यावरून त्याला नुसता छानछोकीचा माणूस ठरविणारे लेखक आहेत. मला ते पटत नाही. ज्याला कचेरीचे दार बंद आहे तो दिवाणखान्याच्या दाराने जाणार. आजही वकिलातींतील निम्मे काम चहा आणि जेवणाच्या टेबलावर होते.

परतताना तो कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, येथे थांबला. क्रिमियाचे युद्ध चालू होते. इंग्रज, फ्रेंच आणि तुर्क एका बाजूस व रशिया दुसऱ्या. १८ जून १८५५ रोजी सेबास्टोपोलवर इंग्रज-फ्रेंचांनी एकत्र हल्ला चढविला आणि मोठी हानी सोसून ते मागे हटले. ही बातमी ऐकून अजीमुल्लाने घरचा रस्ता सोडला आणि तो रणभूमी पाहण्यास गेला. लंडन टाइम्सचा बातमीदार विल्यम रसेल त्याला कॉन्स्टँटिनोपलच्या हॉटेलात भेटला होता. क्रिमियात त्यानेच त्याची व्यवस्था केली. रशियन तोफांचा मारा अजीमुल्लाने टेकडीवरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. थंडीने आणि रोगाने खचलेले इंग्रज सैन्यही पाहिले. लंडनमध्ये दिसलेले साम्राज्य अजिंक्य होते, येथे दिसलेले नव्हते. पुढे हिंदुस्थानात आल्यावर रसेलला ही भेट आठवली आणि त्याने ती आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली.

अजीमुल्ला रिकाम्या हाताने बिठूरला परतला, पण त्याच्या डोक्यात आता नकाशा होता. तुर्की सेनापती उमर पाशाला लिहिलेली त्याची पत्रे पुढे बिठूरच्या वाड्यात सापडली. चंद्रनगर ह्या फ्रेंच वसाहतीतील एका फ्रेंच माणसाशी असलेल्या पत्रव्यवहाराचाही पुरावा मिळाला. म्हणजे ज्या घराण्याला दुसऱ्या दरबाराशी बोलण्याची मनाई होऊन चाळीस वर्षे होत आली होती, त्याचे परराष्ट्र खाते हा एकटा मनुष्य चालवू पाहत होता. १८५७ च्या एप्रिलमध्ये नानासाहेबांबरोबर तो लखनौलाही जाऊन आला. हे उठावाच्या तयारीचे दौरे होते की नव्हते, ह्यावर इतिहासकारांत आजही वाद आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कानपूरच्या पलटणी उठल्या आणि दिल्लीच्या वाटेला लागल्या. कल्याणपूरच्या मुक्कामावरून त्या परत फिरल्या. दिल्लीच्या दरबारात एक सरदार होऊन राहण्यापेक्षा कानपुरात स्वतःचे राज्य उभारावे, हा सल्ला अजीमुल्लाचा होता असे म्हणतात. त्यानंतर तीन आठवडे जनरल व्हीलरच्या कच्च्या तटबंदीस वेढा पडला. आत सुमारे नऊशे माणसे होती. त्यांत बायका आणि मुले पुष्कळ. जूनचे ऊन, एकच विहीर, आणि तीही तोफेच्या माऱ्यात.

आता, वाचकहो, ज्या भागावरून पुष्कळ चरित्रकार चटकन पुढे सरकतात, तेथे आपण पोचलो आहोत. आमच्या वर्गातील एका मुलाने मला सरळ विचारले होते की सर, अजीमुल्ला चांगला की वाईट? तास संपला म्हणून मी त्या दिवशी सुटलो. तेव्हा राहिलेले उत्तर येथे लिहितो.

२५ जूनच्या सुमारास तटबंदीत एक चिठ्ठी गेली. शरण आल्यास अलाहाबादपर्यंत सुरक्षित जाऊ देऊ, अशा आशयाची ती चिठ्ठी अजीमुल्लाच्या हस्ताक्षरात होती. २६ तारखेला बोलणी झाली. नानासाहेबांच्या बाजूने अजीमुल्ला आणि ज्वालाप्रसाद, पलीकडून कॅप्टन मूर आणि त्याचे सोबती. अजीमुल्लाने इंग्रजीत सुरुवात केली तेव्हा बरोबरच्या स्वारांनी हरकत घेतली, आणि मग बोलणे हिंदुस्तानीत झाले. स्वारांना कळेल अशाच भाषेत वकिलाने बोलावे, हा त्यांचा आग्रह मला फार बोलका वाटतो. तोफा व खजिना ताब्यात द्यावा, प्रत्येकाने आपले हत्यार आणि साठ काडतुसे घेऊन जावे, नावा मिळतील, असे ठरले. लंडनमध्ये ज्याला कोणी वकील मानले नाही, त्याला आयुष्यात प्रथमच खऱ्या वकिलाचे काम मिळाले होते. त्याचा शब्द आज तहाचा शब्द होता.

२७ जूनच्या सकाळी सतीचौरा घाटावर नावांत बसलेल्या त्या लोकांवर गोळीबार झाला. पुरुष बहुतेक मारले गेले. वाचलेल्या बायका-मुलांना कैद करण्यात आले. १५ जुलैला बिबीघरात त्यांचीही कत्तल झाली. घाटावर हुकूम कोणाचा होता, पहिली गोळी कोणी झाडली, ह्यावर शेकडो पाने लिहिली गेली आहेत. अजीमुल्ला घाटावर होता असे साक्षीदारांनी सांगितले आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सतीचौऱ्याच्या आधीच जनरल नीलने अलाहाबादेत फाशीचा सपाटा लावला होता. कानपूरच्या वाटेवरील गावे जाळीत आणि झाडांना माणसे टांगीत इंग्रज फौजा आल्या. कानपुरात त्यांनी घेतलेला सूड अंगावर काटा आणणारा आहे. नववीच्या मुलांना मी हे सर्व सांगतो. परंतु एकाच्या क्रौर्याने दुसऱ्याचा मोडलेला शब्द सांधला जात नाही. आपल्याला ह्यासाठी परक्याचे माप घेण्याची गरज नाही. हिजरी सनाच्या सहाव्या वर्षी हुदैबिया येथे रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत उस्मान (र.) यांना दूत म्हणून मक्केला पाठविले. ते मारले गेले अशी आवई उठली तेव्हा दूताच्या रक्तासाठी साऱ्या सहाबांनी झाडाखाली बैअत केली. दूताच्या जिवाची किंमत इतकी मोठी. मग तह झाला, आणि त्याच वेळी मक्केतून पायांत बेड्या घेऊन पळून आलेल्या अबू जंदल (र.) यांना तहाप्रमाणे परत द्यावे लागले. पाहणाऱ्यांची मने तुटली, पण कबूल केलेले कलम पाळले गेले. ह्या मापाने मोजले तर २७ जूनला अजीमुल्ला उणा पडतो. हुकूम त्याचा नसेलही. पण हस्ताक्षर त्याचे होते, आणि गोळ्या सुटल्यावर त्या हस्ताक्षराच्या बाजूने तो उभा राहिल्याचे कोणी सांगत नाही. त्या मुलाला मी हेच सांगीन. तीन रुपयांवर शिकलेला, दोन युरोपीय भाषांत पारंगत झालेला, साम्राज्याच्या दारात ताठ उभा राहिलेला हा मनुष्य मोठा होता, आणि त्या दिवशी तो उणा पडला. दोन्ही लिहून घे.

पुढचे सर्व वेगाने घडले. १ जुलैला नानासाहेबांनी पेशवाईची वस्त्रे धारण केली. १७ जुलैला हॅवलॉकची फौज कानपुरात शिरली. बिठूरचा वाडा उद्ध्वस्त झाला. वाड्याच्या विहिरीतून इंग्रजांनी सोन्याचांदीची भांडी उपसून काढली. अजीमुल्लाचे कागद एका तरुण इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती पडले. हा अधिकारी रॉबर्ट्स, पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. लंडनच्या स्त्रियांनी त्या नेटिव्ह वकिलास लिहिलेली पत्रे वाचून तो संतापला. त्याच साली इकडे साताऱ्यात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम फासावर गेला, आणि स्वतः रंगो बापूजी जे नाहीसे झाले ते कोणाच्याच हाती लागले नाहीत.

अजीमुल्ला नानासाहेबांबरोबर अवधमधून नेपाळच्या तराईत गेला. जंगल, दलदल, अन्नाचा तुटवडा आणि हिवताप. उरलेल्या लोकांपैकी पुष्कळसे तेथेच तापाने गेले. तो कलकत्त्याकडे निसटला, असेही काही जण लिहितात. पण १८५९ मध्ये भुटवळच्या बाजूला तापाने त्याचा अंत झाला, ही हकीकत अधिक मानली जाते. तेव्हा त्याचे वय तिशीच्या आसपास होते. त्याची कबर कोठेही दाखविली जात नाही.